डुगडुगतं टेबल

टेबल डुगडुगतं म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं एक पाय करवतीनं जरासा कापला. मग दुसरा, पुन्हा पहिला. टेबल गुडघ्याएवढं झालं, डुगडुग मात्र तशीच. “आता चटईच करा त्याची!” ती पोट धरून हसली होती. तेव्हापासून दोघं जमिनीवर मांडी घालून त्यावर जेवली, पस्तीस वर्षं. तो गेल्यावर तिथं एकटीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं ते ओळखीच्या सुताराला देऊ केलं. त्याच्या लेकीला अभ्यासाला टेबल हवं होतं. “पायांना जोड देऊन उंच करतो, काकू,” टेबल उलटं करत तो म्हणाला. तिनं बिस्किटांचा डबा पुढे केला. कापलेला प्रत्येक तुकडा त्यात जपलेला होता. सुतारानं एकेक लावून पाहिला. “एक कमी पडतोय.” “ह्यांनीच हरवला असणार. धांदरट कुठले!” म्हणत तिनं पाठीमागची मूठ घट्ट आवळली.