टोचणारं घोंगडं

इंदापूरच्या बाजारात जीपवरचा कर्णा माणसं हसवत मिलची ब्लँकेटं विकत होता: “मऊ पांघरा, सपनात आमदार व्हा.” गिऱ्हाईक तिकडंच लोटलं. सिंधुबाईची हातमागावरची घोंगडी घडीतच पडून राहिली. आज खपली नाहीत तर मल्हार, तिचा लेक, माग मोडणार होता. पण घोंगडं ओरडून विकणं म्हणजे तिला घराण्याची अब्रू विकल्यासारखं वाटे. शेवटी शेजारी बसलेल्या सुनेचाच धीर सुटला. ती खणखणीत ओरडली, “आमचं घोंगडं सासूवानी टोचतंय, पर थंडीला दारात उभं करत न्हाय.” बाजारात हशा पिकला. माना सासूकडं वळल्या. सुनेनं जीभ चावली. सिंधुबाई पदर खोचून उठली. “खरं बोलली माझी सून. टोचतंय त्यालाच ऊब असती.” हसणारी गर्दी घोंगड्यांवर वाकली. सिंधुबाई सुनेला म्हणाली, “तुला घरी टोचते. आदी मल्हारला सांग, माग मोडू नगं, लोकर आण.”