चौथं रोप

"चौथं सक्युलंट देणार नाही, आजी," नर्सरीवाल्यानं जाड पानांच्या, कुजलेल्या रोपाची कुंडी बाजूला सारली. "पंधरा दिवसांतून एकदाच पाणी द्या, असं कानीकपाळी ओरडलो; तुम्ही तिन्ही पाजून-पाजून मारलीत!" दवाखान्यात रुग्णांना पाणी पाजण्यात जन्म गेलेली आयाबाई ओशाळली. "सकाळी उठल्यावर मी पाणी विचारावं, असं घरात दुसरं आहे कोण?" नर्सरीवाला मागच्या रांगेकडे वळला. मग त्यानं पातळ पानांचं रोप तिच्या हातात ठेवलं. "हे रोज पाणी मागतं. एक दिवस चुकलात, तर मान टाकतं." आयाबाई हरखली, पण लगेच तिनं कुंडी परत केली. "नको रे बाबा. एखाद्या सकाळी मीच उठले नाही, तर बिचारं हकनाक मरायचं." "रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा," कुंडी पुन्हा पुढे करत तो म्हणाला. "दुकान उघडायला मी तिथूनच येतो. यानं मान टाकली, की दार वाजवीन."