मुराळी

सत्त्याऐंशी साली सानगडीच्या ताराचंद दुकानदारानं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, अन् शेजारच्या केशवरावांना समोर बसवून त्यासोबतच्या तिन्ही कॅसेटी खेळून दाखवल्या. पहिलीत एक माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत उजवीकडे धावला. दुसरीत त्याची टोपी बदलली, तिसरीत हाती तलवार आली, खड्डे तेच. शेवटी तिन्हींत एक किल्ला, दारात राक्षस अन् आत कोंडलेली पोरगी.

“सारे एकाच घरचे दिसतेत,” केशवराव म्हणाले. “लेकीले सासरून आणाले निंगालेले मुराळी.”

“तुमीबी तं आखाडीच्या सणाले आपल्या तुळसाले आणाले गेल्ते. रिकाम्या हातानं काहून आले?”

“तुमचा राक्षस बरा, तोंडातून जाळ तरी काढते. आमच्या व्याह्यानं पाय धुवाले पाणी देल्लं, अन् धानाची रोवणी झाल्यावर पाठवतो म्हणे.”

“अन् तुळसा?”

“चाय घेऊन आली. कप ठेवता ठेवता हळूच म्हणे, ‘बाबा, मी पिशवी भरून ठेवली हाये.’”

“मंग?”

“मंग काय. व्याह्याच्या घरी चाय अर्धी टाकणं बरं नाही दिसत. सारी पेलो, अन् साडेचारच्या यष्टीनं आलो.”