पाचवी तक्रार

निरीक्षक डेस्मंड यी गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. लोर्ना फाटकापाशी उभी होती, हातात वही. सकाळी सहापासून ती तिथेच होती.

"सॉरी मॅडम," मास्क काढत तो म्हणाला. "गाडीत लावूनच बसतो. नाक ताजं राहावं लागतं. एकदा वासात मुरलं की काही कळत नाही त्याला."

कुंपणापलीकडे, पश्चिमेला, हरितगृहांची रांग होती. पूर्वी तिथे जर्बेरा होता. आता गांजा होता, रीतसर परवान्याचा. गुरुवारी आणखी चार हरितगृहांना मंजुरी मिळायची होती. त्याआधी एकाच दिवशी पाच घरांची वासाची तक्रार खरी ठरली, तर मंजुरी अडणार होती. आज सकाळपासून चार घरांची खरी ठरली होती. लोर्नाचं पाचवं.

शेजारची ओफेलिया पाइप घेऊन गुलाबांना पाणी घालत होती. पाइपातून पाणी येत नव्हतं.

"नियम असा आहे," यी म्हणाला, "आधी तुम्ही सांगायचं, मग मी. दोघांना आला तरच तक्रार खरी. आत्ता, या क्षणी, वास येतोय?"

लोर्नाने डोळे मिटून श्वास घेतला. ओल्या मातीचा वास आला. ओफेलियाच्या स्वयंपाकघरातल्या कॉफीचा आला.

तिने वही उघडली. दोन वर्षांच्या नोंदी होत्या: वेळ, वारा, वास शून्य ते पाच. आज सहा वाजता पाच. सातला तीन. आठला एक. वाऱ्याच्या रकान्यात तिन्ही वेळा पश्चिम.

"अगं, बोल ना!" ओफेलिया म्हणाली. "वॉल्टरला घरी आणायचंय ना?"

वॉल्टर, लोर्नाचा नवरा, सहा महिने ऑक्सनार्डला बहिणीकडे होता. या वासाने त्याचं डोकं उठायचं. वास थांबला की येतो, असं सांगून गेला होता.

"तुम्ही मध्ये बोलू नका," यी म्हणाला.

"मी गुलाबांशी बोलतेय."

"तुम्हाला येतोय?" लोर्नाने यीला विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, मॅडम."

ती पुन्हा वळून हरितगृहांकडे तोंड करून उभी राहिली. श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

"घाई नाही," यी म्हणाला. "सावकाश बघा."

"बघितलं." तिने वही मिटली. "नाही. मला येत नाहीये."

यीने कागदावर खूण केली आणि तिच्याकडे न बघता सही घेतली.

"धन्य आहे तुझी!" ओफेलिया म्हणाली. "नुसतं हो म्हणायचं होतं, बाई. मान हलवली असतीस तरी चाललं असतं." पाइप तिथेच टाकून ती आत गेली. दार आपटल्याचा आवाज आला.

लोर्नाने पेन काढलं. ९.४०. वारा पश्चिम. वास ०.

फाटकापासून गाडी वीसेक पावलांवर होती. यी पाठमोरा चालत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग शून्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली.

९.४३. निरीक्षकाने मास्क लावला. गाडीपाशी नाही, चौथ्याच पावलाला.