मुका जोड

"बाकी सगळं झकास आहे, पिराजीमामा. आवाज तेवढा काढून टाका."

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या पिराजींच्या चिंचोळ्या दुकानात बसून धैर्यशील म्हणाला. धैर्यशीलचा कागल पंचतारांकित एमआयडीसीत पादत्राणांचा कारखाना होता. पिराजींचं नाव आणि त्यांचा नमुना करारानं घेऊन देशभर विकायचा त्याचा बेत होता. पिराजी या दिवसाची उभा जन्म वाट बघत आले होते.

आणि अडलं कुठं, तर आवाजावर.

करकरणाऱ्या चपला कोल्हापुरात काय कमी? पण पिराजींची चप्पल 'कर्र-टक, कर्र-टक' बोलायची. तळाच्या दोन थरांत आवाज करणारं बी कसं दडवायचं, ही हातोटी त्यांच्या बायकोची, तानाबाईची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं ती शोधून काढली आणि पहिला जोड नवऱ्याच्याच पायांत घातला. "तुमचा रुबाब गल्लीभर कळू दे की," म्हणाली होती. हे सांगताना पिराजींचा हात अजून मिशीवर जायचा.

"शहरातल्या ऑफिसात असला आवाज चालत नाही, मामा." धैर्यशीलनं पिशवीतून एक जोड काढला. नमुना हुबेहूब पिराजींचा, पण मुका. "घालून तर बघा."

पिराजींनी चार पावलं टाकली. आपण चाललो की नाही, त्यांचं त्यांनाच कळेना.

"मांजरागत वाटतंय," ते पुटपुटले. पण करार हातचा जाईल या धास्तीनं त्यांची मान हलायला लागली होती. तेवढ्यात कोपऱ्यात चामड्याची वेणी घालत बसलेली तानाबाई कडाडली.

"आवाज न्हाय, तर करार न्हाय!"

धंद्याच्या बोलण्यात तिनं तोंड घातल्याचं पिराजींना आठवत नव्हतं.

"अगं, पावणं काय म्हणत्यात ते तरी..."

"पावण्यांनी च्या घ्यावा. आवाज जाणार न्हाय म्हंजे न्हाय."

पिराजींनी बोलावलेली वकील अनुजा हसली. "मामींचं मला पटतंय. नमुना उद्या कुणीही उतरवेल. हा आवाज मात्र ऐकला की लोक तुमचंच नाव घेतात. त्याचा ट्रेडमार्क घेऊ. मग तो वापरायचा तर तुम्हालाच विचारावं लागेल."

धैर्यशीलनं डोकं खाजवलं. "एक कोडं सुटत नाही बघा. चपला पुरुषांच्या, पण दुकानात येतात त्या सगळ्या बायकाच. आणि रंग न बघता आधी विचारतात, 'वाजत्यात न्हवं?'"

"नवऱ्याचा रुबाब बायकोलाच प्यारा असतोय, पावणं," पिराजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तानाबाईनं मान खाली घालून वेणीचा पीळ आवळला. लाजली असणार.

अखेर धैर्यशील नमला. आवाजासकट करार ठरला, तशी तानाबाई उठली. "सैपाकाचं बघाय पायजे," म्हणत घरी गेली.

मग अनुजानं पिराजींचा रोजच्या वापरातलाच जोड मागून घेतला. अर्जाला आवाजाचं रेकॉर्डिंग जोडायचं होतं आणि इतका मुरलेला आवाज नव्या चपलेला कुठला? मुका जोड धैर्यशीलनं त्यांना भेट देऊन टाकला.

पिराजी तोच घालून निघाले. वाटेत गजरा घेतला. कितीतरी वर्षांनी घेत होते, म्हणून फुलवालीसमोरही जरा अवघडले. आपल्या रुबाबासाठी बाई एवढा मोठा करार मोडायला निघाली होती! गजरा पाठीमागं लपवून ते अलगद उंबऱ्यापाशी आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत तानाबाई कॉटवर पाय पसरून बसली होती. डोक्याला त्यांचा लग्नातला फेटा, तिरका. हातात पत्ते. समोर भडंगाची परात आणि भोवती शेजारच्या तिघी, तिघी दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक.

"तानाक्का, आवरू या का गं?" त्यातली संयोगिता म्हणाली. "दादा येतील की आता."

तानाबाईनं फेटा सावरला आणि भडंगाचा बोकाणा भरला.

"पत्ता टाक गुमान. कर्र-टक झालंय का अजून?"