निळी बाटली
चित्रकाराच्या बायकोने रंगांच्या सगळ्या बाटल्या घासून लख्ख केल्या होत्या आणि लेबलं निघून गेली होती. वर्षभरापासून निळा, हिरवा, जांभळा त्याला सारखेच मातकट दिसत होते. लेबलं वाचूनच तो लाकडी ठशांच्या जुन्या जपानी चित्रांच्या हुबेहूब नकला रंगवायचा. कुणाला पत्ता नव्हता. त्यात गिऱ्हाईक न कळवता येऊन समोर बसलेलं. “मास्तर, माझ्यासमोर लाट रंगवा.” त्याने अंदाजाने एक बाटली उचलली, कुंचला बुडवला. टोक कागदाला टेकणार एवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि तिने हळूच दुसरी बाटली पुढे सरकवली. “निळा हा,” ती कानाशी पुटपुटली. “तीस वर्षं नुसत्या नजरेने रंग उचललेत, आणि मग लेबलं वाचायला लागलात, तेव्हाच ओळखलं. मुद्दाम धुतली. म्हटलं, आता तरी सांगाल.”