एकाच लेकराची जागा

"कुंची मीच बांधीन," गोपिका म्हणाली आणि तिनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

बाहेर टांगा उभा होता. तिच्या सासूबाई जिजाबाई पडवीतून ओरडल्या, "आवर वं! तो विमानवाला साहेब तुह्यासाठी थांबून राहणार हाये का? उद्या तो कलकत्त्याले चालला."

पाळण्यात दोन्ही लेकरं शेजारी शेजारी निजली होती. जुळी, अजून रांगतीच. मधुसूदन आणि सुमती. माघ लागल्यापासून दोघांनाही डांग्या खोकला होता. उबळ आली की तोंड काळंनिळं व्हायचं, आणि श्वास परत आत ओढला जाईपर्यंत गोपिकेचाही श्वास अडकलेला असायचा.

औषधं थकली तेव्हा बर्डीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंचावरच्या थंड हवेत नेलं तर उबळ तुटते, विलायतेत तसं करतात. त्याच आठवड्यात सोनेगावच्या माळावर एका साहेबाचं दोन पंखांचं विमान उतरलं होतं. गोपिकेचे यजमान मनोहरराव जाऊन त्याच्या विनवण्या करून आले. साहेब कबूल झाला, पण जागा एक आणि पट्टा एक. आई आणि तिच्या मांडीवर एकच लेकरू.

कोणतं, हे घरात कोणी विचारलंही नाही.

आदल्या संध्याकाळी गोपिकेनं नवऱ्याचे पाय धरले होते. "मधूले नका ना धाडू. मागच्या हिवाळ्यात वर्धेच्या रस्त्याले विमान पडलं, तुम्हीच सांगितलं होतं. परातीत गोळा केली म्हणे माणसं."

"म्हणून का पोराले खोकून मरू देऊ? तुले भेव वाटत असेल तर मी जातो त्याले घेऊन."

"नाही," ती घाईनं म्हणाली. "मीच जाईन."

आता ती दार उघडून बाहेर आली. कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर हिरवी जरीची कुंची होती. नातवाच्या बारशाला जिजाबाईंनी आपल्या शालूचा काठ उसवून ती शिवली होती. जुन्या लुगड्याच्या कुंचीतलं लेकरू पाळण्यातच झोपलं होतं. गोपिका मागे वळली, पाळण्यावर वाकली, रामटेकचा अंगारा त्याच्या कपाळाला लावला आणि तशीच वाकून राहिली.

"पोरीचा एवढा लळा काहून?" जिजाबाई म्हणाल्या. "दोन घटकांचा तर सवाल हाये."

पाळण्याची दोरी मनोहररावांच्या म्हाताऱ्या यमुआत्यांच्या हातात होती. मोतीबिंदूनं त्यांना माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं.

"आत्या, निजलंय. उठवू नका. तोंडावरचं पांघरूण काढू नका."

"नाही काढत, माय. तू जा."

मनोहरराव टांगेवाल्याशेजारी बसले. टांग्यात जिजाबाईंनी कुंचीखाली हात घालून पाहिला. "किती हलका झाला माहा राजा! दुखण्यानं पार झडला."

"वारा लागेल, आई," म्हणत गोपिकेनं गोधडी वर ओढली.

माळावर साहेबानं तिला विमानात बसवून तिच्या कमरेला पट्टा आवळला. "डरो मत, बाई. नीचे मत देखो."

तिनं खाली पाहिलं. माळ हिसका मारून मागे गेला, टांग्याचा घोडा मुंगळ्याएवढा झाला. अंबाझरी तलावाचं पाणी तिरपं होऊन उभंच राहिलं. मग पायाखालचं सगळं एकदम निसटलं, विमान दगडासारखं खाली आलं. ती किंचाळली. तिची किंकाळी तिलाच ऐकू आली नाही. इंजिन मधेच अडखळलं, खोकलं, क्षणभर गप्प झालं.

'दोघांतलं एक तरी जमिनीवर आहे,' ती मनात म्हणत राहिली. 'एक तरी जमिनीवर आहे.'

मग ती मांडीवरच्या कानाशी वाकली. "मले माफ कर, बाळा."

तेवढ्यात उबळ आली, आजवरची सगळ्यांत मोठी. इवलंसं अंग धनुष्यासारखं ताणलं. घशातून कफाची लांब तार बाहेर पडली, आणि त्या बर्फासारख्या वाऱ्यात लेकरानं एक मोकळा, बिनआवाजाचा श्वास घेतला. मग दुसरा. मग ते तिच्या छातीला लागून झोपून गेलं.

खाली उतरल्यावर तिचे डोळे वेगळेच झाले होते. "तुटली उबळ! आई, तुटली!"

"पाहू दे, पाहू दे माह्या राजाले!"

"आता नको. गार वारं झोंबलंय." ती नवऱ्याकडे वळली. "साहेब अजून एक फेरी मारतील का? आता मले भेव नाही वाटत. घरचं लेकरू घेऊन येतो आपण. आत्ताच."

"पोरीसाठी?" जिजाबाई हसल्या. "पागल झाली का वं?"

पण मनोहररावांना तिचं तोंड पाहवेना. ते जाऊन साहेबाशी बोलून आले. "उद्या पहाटे, निघायच्या आधी. आण म्हणतो."

सबंध वाटेत गोपिका टांगेवाल्याला म्हणत होती, "हाक ना गा जोरानं. जोरानं हाक."

इतवारीतल्या घरासमोर बायका जमल्या होत्या. टांगा दिसताच त्या बाजूला झाल्या. ओसरीवर काहीतरी लहानसं, पायापासून डोक्यापर्यंत झाकून ठेवलं होतं. यमुआत्या भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या.

"तुमचा टांगा वळला अन् उबळ आली. पाठ चोळली, उलटं धरलं. श्वास आलाच नाही वं माय."

"कोण?" गोपिकेनं विचारलं.

"कोण म्हणजे?" शेजारीण म्हणाली. "सुमी गेली तुमची."

"कोण गेलं?" तिनं पुन्हा विचारलं, आणि ती जागच्या जागी खाली बसली.

जिजाबाई तिच्याजवळ टेकल्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको. पोरगी नेली देवानं, पण पोरगा राखला. तुह्या हिमतीनं राखला. दे इकडे माह्या मधूले."

गोपिकेनं मिठी सोडली. जिजाबाईंनी लेकरू मांडीवर घेतलं, हनुवटीखालची गाठ सोडली आणि कुंची मागे सारली.

जरीच्या काठातून सुमतीनं डोळे उघडले, आणि आजीकडे पाहून ती हसली.